पाचव्या घरचं जुनेर

माझी चुलती हरणाबाई हिला चिंध्यांचं वेड होतं. वेड हा शब्द माझा नाही, चुलत्यांचा आहे. ज्ञानोबाकाका शेतातून आले की उंबऱ्यात थांबून आधी जमिनीकडं बघायचे, मगच पाय टाकायचे, कारण आमच्या घरात सुई कुठं पडलेली असेल याचा काही नेम नसे. "लोक घरात साप हुडकत्यात, म्या सुया हुडकतो," असं ते येईल त्याला सांगायचे. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि दोरा दातानं तोडायची.

तामलवाडीच्या अलीकडं, सोलापूर-तुळजापूर रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. मी अयोध्या. माझे आईवडील आणि काका-काकू एकाच घरात, चुली मात्र दोन. मी दोन्ही चुलींवर जेवायचे आणि झोपायला काकूकडं जायचे, कारण तिच्यासारखी मऊ वाकळ माझ्या आईला कधी जमली नाही. हे मी आईच्या तोंडावर बोलून दाखवायचे आणि मार खायचे.

वाकळा ती गरजेपुरत्या शिवायची. तिचा खरा जीव होता तो कुंचीवर. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची ती कुंची: हनुवटीखाली बंद, खाली झालर, आत जुन्या सुती कापडाचं अस्तर. गावात कुणाला मूल झालं की पाचवीच्या आत काकूची कुंची त्या घरी पोचलेली असायची. तिला कुणी सांगावं लागत नसे. कुणी बदल्यात पायलीभर जोंधळे पुढं केले तर ती चिडायची. "म्या काय शिंपीण हाय व्हय?" म्हणायची, आणि ते परत करून यायची. मग बायका दुसऱ्या वाटेनं फेड करायच्या. फाटक्या लुगड्याचे काठ, झंपराच्या बाह्या, शिंप्याकडचे कपटे असलं काहीबाही तिला आणून द्यायच्या. दुपारची कामं आवरली की काकू ते सगळं पुढ्यात मांडून बसे. हिरव्याशेजारी लाल ठेवून बघायचं, लांब सरकून बघायचं, पुन्हा उचलायचं. तेवढा वेळ तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी इतर वेळी कधी पाहिलं नाही. सुख म्हणतात ते तेच असावं.

तिला स्वतःला मूल नव्हतं.

त्यामुळं गावानं तिच्यापुरता एक नियम केला होता. हरणाबाईचा हात चालतो, कापड चालत नाही. म्हणजे शिवायला तिनं खुशाल शिवावं, पण तिचं स्वतःचं जुनेर बाळाच्या कपड्यात नको. जुनेर म्हणजे नेसून नेसून मऊ झालेलं लुगडं. ते बाळाच्या अंगाला लागलं की नेसणारीचं नशीबही त्याला लागतं, अशी आमच्याकडची समजूत. लेकुरवाळीचं लागलं तर चांगलंच, पण वांझेचं लागलं तर... पुढचं कुणी बोलत नसे. काकूच्या तोंडावर हा नियम कुणी सांगितला नव्हता. तिला तो ठाऊक होता, आणि ती तो इतका कडक पाळायची की आपल्या लुगड्यातून ओढलेला दोरासुद्धा कुंचीला वापरत नसे. मला या नियमाचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो. सुई टोचून टोचून जिच्या बोटांना घट्टे पडले, तिच्या बोटांत दोष नाही आणि पदरात मात्र आहे, हे कुठलं गणित!

मग बहात्तर साल आलं. आदल्या सालीच पावसानं हात आखडला होता, त्या साली तो फिरकलाच नाही. ज्वारी हातभर उगवली आणि वाळून गेली. विहिरींचा तळ दिसायला लागला तसा सगळा गाव दुष्काळी कामावर गेला. हमरस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची, आणि दुपारी सुकडी वाटायची ती खायची. बायांची एकच लांब रांग असे. गावात ज्या एकमेकींच्या अंगणात पाय ठेवत नव्हत्या त्या तिथं एकमेकींशेजारी हातोडी चालवायच्या. आमच्या एका बाजूला बौद्ध वस्तीतली भिमाबाई असायची, घरात गोकुळ असलेली, मोठ्या आवाजाची. दुसऱ्या बाजूला महानंदा.

महानंदा आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिचा नवरा वीरप्पा मुलखाचा अबोल. तिची दोन लेकरं जन्मून गेली होती, एक बारशाच्या आधी आणि एक रांगायला लागल्यावर. खडी फोडतानाच तिला दिवस गेलेले होते. ती कुणाशी त्याबद्दल बोलायची नाही, आणि आम्हीही विचारायचो नाही. थंडीच्या दिवसांत तिला मुलगा झाला.

ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिच्या लेकरासाठी आमच्याकडं काही गोष्टी कराव्या लागतात. त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं आणि कुणीतरी परक्यानं सापडल्यासारखं उचलून आणायचं. नाव असं ठेवायचं की मरणालाही त्या नावानं हाक मारावीशी वाटू नये. म्हणून महानंदाच्या मुलाचं नाव केरबा पडलं. आणि पाचवीच्या आत त्याला पाच घरची कुंची घालायची. पाच लेकुरवाळ्यांच्या दारात जायचं, पदर पसरायचा, त्या बाईला हळदकुंकू लावायचं आणि म्हणायचं, "तुमच्या लेकरावानी माझं लेकरू जगू द्या." मग ती आपल्या जुनेराचा तुकडा पदरात टाकते. चार तुकडे कुंचीच्या बाहेरच्या अंगाला, आणि पाचवा आत, बरोबर टाळूवर, जिथं बाळाचं डोकं मऊ असतं.

बाळंतिणीची सासू हे करते. महानंदाला सासू नव्हती आणि तिची आई लांब होती. म्हणून तिनं माझ्या काकूला विचारलं. काकूकडं असं काही मागणारी ती गावातली पहिली बाई. काकू त्या दिवशी डोकं धुऊन, कुंकवाचा करंडा घेऊन निघाली. मी तिच्यामागं.

पहिलं घर मिळालं, दुसरं मिळालं. दोन्ही ठिकाणी तळहाताएवढे तुकडे पदरात पडले. तिसऱ्या घरची बाई आत गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. शेवटी तिनं उशीचा अभ्रा फाडून आणला. तो तिच्याच लुगड्याचा होता म्हणून चालला. चौथी भिमाबाई. एरवी वस्तीतल्या माठाकडं न बघणारा आमचा गाव, लेकरू जगवायचं म्हटलं की तिथल्या कापडाला नाही म्हणत नसे. आमच्या शिवाशिवीला अशा सोयीच्या फटी फार. काकू कुंकू लावायला पुढं झाली तशी भिमाबाई हसून मागं सरली.

"कुकू ऱ्हाऊ द्या, हरणाबाई. आमी आता असलं कायबी मानत न्हाय," ती म्हणाली. "पर थंडी लई हाय. लेकराला कापड लागतंय तर न्या की."

आणि तिनं चारही घरांत सगळ्यात मोठा तुकडा दिला.

पाचवं घर मात्र मिळेना. याचं कारण कुणाचं मन लहान होतं असं नाही. त्या साली गावात जुनेरच उरलं नव्हतं. लुगडं मधोमध विरलं की बायका ते कापून दोन धडके भाग जोडतात, त्याला दांड घालणं म्हणतात. तेव्हा सगळा गावच दांडाची लुगडी नेसत होता, माझी आईसुद्धा. विरलेला भाग टाकून देण्याऐवजी बायका तो पोलक्याला लावत, पोलकं विरलं की पोराच्या चड्डीला. गावभर हिंडून काकू रिकामी परत आली. दुसऱ्या दिवशी पाचवी होती.

ती कुंची मी पाहिली. वर हिरवं, तांबडं, निळं आणि भिमाबाईचं पिवळं, चारही बाजूंनी तिरपे टाके, टोकाला काळ्या दोऱ्याचा गोंडा. एवढ्या कोरड्या सालात एवढी देखणी वस्तू गावात दुसरी झाली नसेल. महानंदानं ती केरबाला घातली आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. टाळूवरचा तुकडा कुणाचा हे कुणी विचारलं नाही. काकूनं पाच घरं मागितली म्हणजे मागितली, अशीच सगळ्यांची खात्री होती.

केरबा जगला. नुसता जगला नाही, बाळसं धरलं. चार महिन्यांचा झाल्यावर महानंदा त्याला झोळीत घालून कामावर आणायला लागली. बाभळीला झोळी टांगलेली असायची आणि उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून डोक्यावर ती कुंची असायची. बायका येता-जाता झोळीत डोकावायच्या. "हरणाबाईच्या हाताला गुण हाय बगा," म्हणायच्या. काकूनं हे ऐकून फुलावं की नाही? पण ती खाली मान घालून हातोडी चालवायची. केरबा शिंकला की तिचा हात थांबायचा. महानंदापेक्षा आधी ती झोळीपाशी जायची. मला वाटायचं, हिला लेकरांची फारच माया.

उन्हाळ्यात पाणी संपलं. ओढ्यातल्या झऱ्यात वाटीवाटीनं जे साचायचं ते आम्ही प्यायचो, आणि त्यात काय काय असायचं ते न बघितलेलं बरं. कामावर हगवण पसरली. मोठी माणसं निभावली. केरबा मात्र एका दिवसात मऊ पडला. डोळे खोल गेले, रडायला आवाज उरला नाही.

काकू महानंदाकडं गेली. मी सोबत होते. महानंदा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि एवढ्या उकाड्यात त्याच्या डोक्यावर कुंची घट्ट बांधलेली होती.

"कुंची दे जरा. धुऊन आणते," काकू म्हणाली.

"नगं."

"उसवली हाय बग कडंला. टाका घालून देते."

"आक्का, ती काढली तर ह्यो जायाचा," महानंदा म्हणाली आणि तिनं कुंचीवर हात ठेवला. "पाच घरच्या पुण्याईवर हाय त्यो."

काकू खाली बसली. मी तिच्याकडं बघत होते. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. लेकरू गेलं असतं तरी लोकांनी नशिबाला दोष दिला असता. पण तिची खात्री होती की केरबाला जे होतंय ते टाळूवरच्या कापडानं होतंय. झऱ्याचं पाणी तिच्या मनात आलं नाही. ती याच गावची होती, तिला दुसरं काय सुचणार?

"महानंदे," ती म्हणाली, "पाचवं घर माझं हाय."

महानंदाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं कुंची ओढून काढली, उलटी केली. आत अंजिरी रंगाचा, बारीक पांढऱ्या चौकड्यांचा तुकडा होता. काकूचं ते लुगडं सगळ्या गल्लीच्या ओळखीचं होतं. महानंदानं कात्री शोधली नाही. दातांनीच टाके तोडले, तुकडा फाडून काढला आणि दारातून रस्त्यावर फेकला.

"माझ्या लेकरावर टपली हुतीस व्हय गं तू?" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काकूला अगं-तुगं केलं होतं.

आवाजानं बायका जमल्या. त्यांत भिमाबाई होती. तिनं तुकडा बघितला नाही, कुंची बघितली नाही. केरबाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली. सोडली तरी कातडी तशीच उभी राहिली. "पाणी सरलंय लेकराच्या अंगातलं," ती म्हणाली. "चिंध्या काय बगताय? तुळजापूरला न्या आदी!" गावात तेव्हा पाण्याचा टँकर आलेला होता. वीरप्पा आणि ज्ञानोबाकाकांनी हात जोडून ड्रायव्हरला थांबवलं आणि महानंदाला, लेकराला त्यात बसवून दवाखान्यात नेलं. तिथं सलाईन लागलं. केरबा वाचला.

आणि इथंच माझ्या काकूचं सगळं संपलं. लेकरू दगावलं असतं तर कदाचित दोन मतं झाली असती. तुकडा काढला आणि लेकरू वाचलं, याच्यापुढं कोण काय बोलणार? सलाईनच्या बाटलीला कुणी नारळ फोडला नाही. भिमाबाई एकटी सांगत राहिली की हगवण पाण्याची होती, ठिगळाची नव्हती. लोक म्हणाले, त्यांचं काय, ते कुठं काय मानतात.

कुणी काकूला वाळीत टाकलं नाही. बोलणं चालू राहिलं, विस्तव-विरजण मागणं चालू राहिलं. फक्त चिंध्या यायच्या बंद झाल्या. आणि कुंच्या परत यायला लागल्या. एक आमच्या उंबऱ्यावर घडी करून ठेवलेली सापडली. मग दुसरी, परसातल्या दगडावर. मग एक जण सरळ येऊन देऊन गेली आणि म्हणाली, "पोरगं मोठं झालं आता, आक्का." त्या पोराला अजून दात यायचे होते.

काकूनं परत आलेली एकूणएक कुंची उसवली. अस्तर काढून उन्हात धरलं. तिला पुरतं ठाऊक होतं की त्यांत तिच्या लुगड्याचा धागासुद्धा नाही, तरी ती बघत राहिली. मी तिच्याजवळ बसून रडले. ती रडली नाही.

"का लावलंस गं काकू?" मी विचारलं. "चौथ्या घरच्या कापडाचे दोन तुकडे करायचे की. कुणाला कळलं असतं?"

"तशी खोटी कुंची कशी शिवायची?" ती म्हणाली. मग उसवलेलं अस्तर मांडीवर पसरून म्हणाली, "मला वाटलं, यकदा तरी माझं जुनेर लेकराच्या अंगाला लागावं. यवढ्या कुंच्या शिवल्या. यकदा तरी." महानंदानं फेकलेला तुकडा तिनं त्याच दिवशी रस्त्यातून उचलून आणला होता. तो तिनं ट्रंकेत तळाशी ठेवून दिला.

दुष्काळ सरला. आमच्या भागात सहकारी संस्थांचं पेव फुटलं. दुधाची निघाली, पतपेढी निघाली, आणि बायकांची शिवणकामाची एक संस्थाही निघाली. संस्थेच्या बाई तालुक्याहून जीपनं यायच्या. काकूचं काम बघून त्या हरखल्या. म्हणाल्या, कुंच्या शिवा, सोलापूरच्या दुकानात ठेवू. काकू म्हणाली, पिशव्या शिवते, उशांचे अभ्रे शिवते. कुंची नाही. बाईंनी परोपरीनं समजावलं की तिथं कुणी कापड कुणाचं ते विचारत नाही. "म्हणूनच न्हाय," काकू म्हणाली. "कुणाच्या लेकराच्या डोक्यावर जाईल, मला कळायचंबी न्हाय." बाईंना ते समजलं नाही. मला समजलं आणि मला तिचा भयंकर राग आला. गावानं तिच्यावर घातलेला आळ तिनं स्वतःच खरा मानला होता, आणि यापेक्षा मोठी चोरी एखाद्या माणसाची होऊ शकत नाही.

ती पिशव्या शिवायची. चांगल्या शिवायची. पण हिरव्याशेजारी लाल ठेवून लांब सरकून बघणं तिनं सोडून दिलं.

केरबा आमच्याच अंगणात मोठा झाला. महानंदा त्याला हाका मारून परत न्यायची, तो पुन्हा यायचा. काकू त्याच्याशी बोलायची, शेंगा द्यायची, पण त्याला हात लावायची नाही. तो ठेचकाळला तर मला हाक मारायची.

मग महानंदाला मुलगी झाली. तिला पाच घरची कुंची शिवली नाही. केरबा जगला होता, आता धोका टळला असं सगळे म्हणाले. वीरप्पानं तुळजापूरच्या बाजारातून लोकरीचं तयार टोपडं आणलं. पौषाच्या गारठ्यात त्या मुलीची छाती भरली. आमच्याकडं त्याला डबा झाला म्हणतात. तुळजापूरला पोचायच्या आधी ती वाटेतच गेली. तिला पुरून आले त्या दिवशी काकू भिंतीच्या अलीकडं बसून भिंतीपलीकडचं रडणं ऐकत होती. जावं की जाऊ नये हे तिला दिवसभर ठरवता आलं नाही.

त्यानंतर साल-दोन सालांनी एका दुपारी परसाकडून कुणीतरी कडी वाजवली. मी दार उघडलं. महानंदा होती, डोक्यावरून पदर ओढून घेतलेला, पोट दिसत होतं. काकू चुलीपुढं बसलेली.

"आक्का," महानंदा हळूच म्हणाली, "त्यो तुकडा हाय का तुमच्याकडं?"

काकूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"म्या लई इचार केला. पोरीला लोकरीचं घातलं, ती गेली. केरबाला तुमचं घातलं, त्यो जगला. थंडीभर, उन्हाळाभर त्योच तुकडा हुता त्याच्या टाळूवर. म्या काढला त्यो अगदी शेवटाला. जगला त्यो त्याच्यावरच." ती रडायला लागली. "द्या की आक्का. कुणाला सांगत न्हाय. गुपचूप लावते."

मला हसावं की ओरडावं ते कळेना. काल त्याच कापडानं लेकरू मरत होतं, आज त्याच कापडानं ते जगलं. तुकडा तोच, फिरले होते ते महानंदाचे दिवस. बाहेरच्या खोलीतून ज्ञानोबाकाकांनी हे ऐकलं आणि ते दारात आले. "हरणे, न्हाय म्हण," ते म्हणाले. "ह्या खेपंला कायबी झालं तर गाव तुला जित्ती ठिवायचा न्हाय." ते खोटं बोलत नव्हते. लेकरू गेलं असतं तर ह्या वेळी दोन मतंसुद्धा झाली नसती.

काकू उठली. मला वाटलं ट्रंकेकडं जाते. ती परसदारात जाऊन महानंदासमोर उभी राहिली.

"परसातनं भाकरतुकडा मागत्यात, महानंदे. जुनेर न्हाय," ती म्हणाली. "जुनेर पुढल्या दारानं मागत्यात. दिसाढवळ्या. कुकू लावून, पदर पसरून. चार घरं आदी कर, पाचवं माझं कर, आन् चारी घरी सांग की पाचवं हरणाबाईचं हाय. तसं आलीस तर शिवून देते. न्हायतर माझ्याकडं कायबी न्हाय."

महानंदा गेली. काकू चुलीपुढं येऊन बसली. तिनं आजवर स्वतःसाठी कुणापुढं काही मागितलं नव्हतं. कापडसुद्धा तिच्याकडं आपणहून चालत यायचं. ही तिची पहिली मागणी आणि ती इतकी मोठी. आता महानंदा येणार नाही असं मला वाटलं. काकांना तर येऊ नये असंच वाटत होतं. दिवसांमागून दिवस गेले. काकू पिशव्या शिवायला बसली की पुढच्या दाराकडं तोंड करून बसायची, एवढाच फरक.

महानंदाला मुलगा झाल्याचं आम्हाला भिंतीतून कळलं. पाचवी जवळ आली. बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही आमच्याकडं, विटाळ असतो. त्यामुळं मी तर आशाच सोडली होती.

पाचवीच्या सकाळी गल्लीत एकदम गलका थांबल्यासारखा झाला म्हणून मी बाहेर आले. महानंदा चालत येत होती. कानाला फडकं बांधलेलं, चेहरा पांढराफटक, भिंतीला हात लावत लावत. दुसऱ्या हातात केरबाचा हात. ओच्यात कुंकवाचा करंडा आणि चार तुकडे दिसत होते. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या. कुणी तिला अडवलं नाही. भिमाबाई तेवढी तिच्यामागून येत होती, पडली तर सावरायला.

आमच्या दारात येऊन ती थांबली. काकू उंबऱ्याच्या आत उभी होती. महानंदानं करंडा उघडून तिच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मग पदर पसरला आणि तोंड उघडलं.

"तुमच्या लेकरावानी..." ती म्हणाली, आणि थांबली.

ते वाक्य त्या दारात म्हणता येण्यासारखं नव्हतं. हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं; काकूच्याही आलं नसावं, कारण कपाळावरचं कुंकू वाळायच्या आतच तिचा चेहरा पडला. महानंदानं खाली बघितलं. मग तिनं केरबाला दंडाला धरून पुढं ओढलं आणि काकूच्या पायाशी उभं केलं.

"ह्या तुमच्या केरबावानी," ती मोठ्यानं म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल अशी, "माझं लेकरू जगू द्या."

काकू वळून आत गेली. बराच वेळ आली नाही. मी आत जाऊन बघते तर ट्रंक उघडी, दातांनी कुरतडलेल्या कडांचा जुना तुकडा तसाच तळाशी, आणि काकूच्या हातात तिचं नेहमीचं नेसणं, चांगलं वर्ष-दोन वर्षं अजून चाललं असतं असं. तिचा हात चालत नव्हता. "धर गं पलीकडनं," ती मला म्हणाली. मी पदर धरला, तिनं ओढलं. कापड फाटल्याचा आवाज बाहेरपर्यंत गेला.

तुकडा महानंदाच्या पदरात टाकल्यावर काकूनं खाली वाकून केरबाच्या डोक्यावर हात ठेवला. टाळूवर. तो हात तिनं बराच वेळ काढला नाही, आणि केरबाही कधी नव्हे तो न चुळबुळता उभा राहिला.

दिवेलागणीच्या आत कुंची शिवून झाली. ती शिवताना काकू लांब सरकून बघत होती, पुन्हा जवळ घेत होती. देऊन आल्यावर मी तिचं ताट वाढलं, तर तिनं ते बाजूला सारलं. भिंतीपलीकडं बाळ खोकलं होतं, साधंच, दूध अडकल्यासारखं. काकू कान देऊन ऐकत होती.

"अयोध्ये," ती म्हणाली, "आता पुन्यांदा भ्या लागलं बग मला."